आदेशाने बुडालेल्या दुकानाचा पंचनामा

मिरज, रविवार, २५ एप्रिल २०२१

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

५ एप्रिलला सोमवार होता. सोमवारी आमची सुट्टी असते. त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे दुकानातले टॉवेल धुवायला घरी आणले, मशीनच्या पात्यांना तेल दिलं आणि रात्री आठ वाजता कोरोनामुळे सलून बंद करणारा सरकारचा नवा आदेश लागू झाला. ती सोमवारची सुट्टी आज एकविसाव्या दिवशीही चालूच आहे. टॉवेल घड्या घालून ट्रंकेवर ठेवलेत.

मिरजेत माझं सलून आहे. तीन खुर्च्या, दोन कारागीर, भाड्याचा गाळा. कारागीर निम्म्यावर काम करतात. म्हणजे शंभराचं काम झालं तर पन्नास त्याचे, पन्नास दुकानाचे, आणि दुकानाच्या पन्नासात भाडं, लाइट, ब्लेड, क्रीम, आणि शेवटी उरलं तर माझं घर. गेले पंधरा-वीस दिवस आपल्या पत्रांच्या पानावर एकच भांडण वाचतोय. एकजण लिहितो, माणसं मरताहेत आणि व्यापाऱ्यांना गल्ल्याची पडली आहे. दुसरा लिहितो, कोरोनाने नाही तर उपासमारीने मरू. लिहिणारे बहुतेक डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी. मला गंमत वाटते, कारण हे दोन्ही बाजूंचे लोक माझ्याच खुर्चीत बसून जातात. बोलतातही तेच, फक्त तिथे गळ्याला चादर बांधलेली असते म्हणून हातवारे करता येत नाहीत.

आता त्या खुर्चीमागे उभा राहणारा काय म्हणतो तेही छापावं, अशी विनंती आहे.

आधी हे सांगतो की बंद ठेवायला माझा विरोध नाही. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली वॉन्लेस डॉक्टरांनी इथे मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून रोगी इथे उतरतात. माझे वडील ऑपरेशनआधी रोग्याच्या अंगावरचे केस काढायला वॉर्डांत जायचे. पेटीत वस्तरा, साबण, तुरटी, आणि घरातून निघताना हत्यारं उकळून घ्यायची. आईच्या चहाच्या पातेल्याशेजारी वस्तऱ्यांचं पातेलं असायचं. त्यामुळे रोग हाताने पसरतो, हत्याराने पसरतो, हे आम्हाला शिकवायला कोणी टीव्हीवर यायची गरज नव्हती.

माझ्या उमेदीच्या काळात एड्सची भीती आली. तेव्हा कोणी आमची दुकानं बंद केली नाहीत. सांगितलं एवढंच, की प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड. गिऱ्हाइकंही डोळ्यांत तेल घालून बघायची, ब्लेड कागदातून काढलं की जुनंच लावलं. वर्ष-दोन वर्षांत वडिलोपार्जित वस्तरा देव्हाऱ्याजवळ गेला आणि अर्ध्या ब्लेडचा वस्तरा हातात आला. ब्लेडचा खर्च दाढीच्या दरात मिसळून गेला, धंदा चालू राहिला. पण कोरोनाचं तसं नाही, हेही मला कळतं. तो रक्तातून नाही, श्वासातून येतो. दाढी करताना गिऱ्हाइकाचं नाक आणि माझं नाक यांत वीतभर अंतर. त्याला मास्क घालून दाढी करता येत नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले की काही दिवस थांबा, तर थांबलं पाहिजे. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण सापडले. बुधवारी नाशकात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून रोगी तडफडून गेले. मिरजेत रात्री झोप लागत नाही इतक्या अँब्युलन्स जातात. अशा वेळी ‘माझं दुकान उघडा’ म्हणायला जीभ रेटत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट मात्र लिहायलाच हवी, कारण ती कोणी लिहिलेली नाही आणि लिहिणार नाही. (याच कारणासाठी माझं नाव छापू नये.)

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, २४ तारखेला रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि बारापासून देश बंद. आमची सलून उघडायला २८ जून उजाडला. मधले ९८ दिवस शटर खाली. त्यातच अख्खी लग्नसराई गेली. नवरदेव, वऱ्हाडी, हळदीच्या आदल्या दिवशीची गर्दी, हे आमचं सुगीचं पीक असतं. शेतकऱ्याचं जसं एका हंगामावर वर्ष निघतं तसं आमचं एप्रिल-मेवर. केशरी रेशनकार्डावर मे-जूनमध्ये माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही, खाल्ला. पतसंस्थेने खुर्च्यांच्या कर्जाचा हप्ता मागितला नाही, व्याज मात्र थांबलं नाही. बंद दुकानाचं लाइटबिल सरासरीने आलं. गाळामालकांनी एक महिना सोडला. त्यांचंही घर त्याच भाड्यावर चालतं, जास्त कसं सोडणार?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. वडील पंच्याहत्तरीचे, केस मानेवर आलेत, घामोळं झालंय, घरी येता का? मी गेलो. पहाटे साडेपाचला, सायकलवर, पिशवीत कातर, फणी, मशीन आणि चादर. वर भाजीची पिशवी ठेवलेली. न्हाणीच्या दारात पाटावर म्हातारबाबा बसले होते. पैसे दुप्पट दिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारच्यांचा फोन. पंधरा दिवसांत मी रोज सात-आठ घरं करू लागलो. एकदा पोलिसांनी अडवलं, पिशवी उलटी केली, कातर बघितली आणि हसले. एक काठी बसली, तीही हसतच.

आता आरोग्याच्या हिशेबाने बघा. दुकान उघडं असतं तर मी एका जागी असतो. दार सताड उघडं, पंखा चालू, खुर्च्या लांब, गिऱ्हाइकाचं नाव वहीत. दुकान बंद केल्यावर मी आठ घरांत फिरलो. आठ न्हाण्या, आठ म्हातारी माणसं, बंद खोल्या, नोंद कुठेच नाही. माझ्यासारखे गावात किती असतील? सरकारच्या कागदावर सलून शंभर टक्के बंद. प्रत्यक्षात ते सायकलवर बसून लोकांच्या घरात शिरलं होतं. आज मागे वळून बघताना मला याची लाज वाटते. पण त्या वेळी मला कोणी म्हणालं असतं, की तू घरी थांब, तुझ्या थांबण्याचे एवढे पैसे, तर मी थांबलो असतो. बंदी आणि पैसा यांची फारकत केली की बंदीलाच भोकं पडतात. पुस्तकात हे कुठे लिहिलंय की नाही ठाऊक नाही. मी ते सायकलवर शिकलो.

२८ जूनला उघडलं तेव्हा आधी वेळ ठरवून फक्त कटिंग, दाढी नाही. मास्क, एप्रन, हातमोजे, प्रत्येकाला वापरून फेकायचा टॉवेल, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची पुसायची. सगळं केलं. दर साठाचा ऐंशी केला तर लोक कुरकुरले. जेमतेम तीन आठवडे झाले तोवर श्रावण लागला. श्रावणात बरेच जण दाढी-कटिंग करत नाहीत, आमचा धंदा तसाही निम्मा. त्यातच जुलैअखेरीला शहर पुन्हा आठ-नऊ दिवस बंद. ऑगस्टअखेरीस पेपरात वाचलं की एप्रिल ते जूनमध्ये देशाची अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी घसरली. मी वहीत बघितलं. शेवटचे दोन दिवस सोडले तर माझ्या दुकानाची १०० टक्के.

सप्टेंबरमध्ये माझा चुलतभाऊ गेला. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं सलून होतं. वय ४४. ताप, मग खोकला, मग बेडसाठी रात्रभर फिरलो, तिसऱ्या ठिकाणी मिळाला, पाचव्या दिवशी फोन आला. त्याला कुठून लागला, गिऱ्हाइकाकडून, बाजारातून की माझ्याकडून, हे कोणालाच कधी कळणार नाही. दहाव्याला कृष्णाघाटावर पाचच माणसं. दुसरा कोणी यायला तयार नव्हता, म्हणून त्याच्या पोराचं मुंडण मीच केलं. वीस वर्षं मी त्या घाटावर लोकांची मुंडणं केली आहेत. त्या दिवशी पोराच्या डोक्याला दोन ठिकाणी लागलं.

हे दुःख मांडायला लिहीत नाही. याच भावाच्या दुकानावरून मला एक गोष्ट सुचली, ती मांडायला लिहितोय.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्याचं दुकान बुडालं होतं. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, त्याच्या दुकानात आरशाच्या वरच्या कडेपर्यंत गाळ. पाणी उतरल्यावर काय झालं? माणसं आली, कागद घेऊन. खुर्च्या किती, आरसे किती, मशीन किती, नाव काय, आधारकार्ड दाखवा, इथे सही करा. पंचनामा झाला. शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबाला १५,००० रुपये, खेड्यातल्याला १०,००० असं ठरलं होतं. मिळायला उशीर झाला, हेलपाटे पडले, भाऊ शिव्याही घालायचा. पण एक गोष्ट सरकारने कबूल केली होती, की तुझं नुकसान झालंय, त्यात तुझा दोष नाही, आणि ते मोजलं पाहिजे.

२०२० मध्ये त्याच दुकानात पाणी शिरलं नाही. आदेश शिरला. तोही सगळ्यांच्या भल्यासाठी, मान्य. पण नदी तरी कोणाला विचारून येत नाही. आदेश माणसांनी विचार करून काढलेला असतो. मग नदीने बुडवलं तर पंचनामा आणि आदेशाने बुडवलं तर ‘थोडी कळ सोसा’, हे कसं? ९८ दिवसांत माझ्या किंवा भावाच्या दुकानासमोर एकही माणूस कागद घेऊन उभा राहिला नाही.

या वेळी १३ तारखेला, गुढीपाडव्याच्या दिवशी, मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. गेल्या वर्षी राज्याकडून आमच्यापर्यंत असं रोख काही आलं नव्हतं, म्हणून आधी बरं वाटलं. नोंदणी असलेले बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये, आदिवासी कुटुंबांना २,०००, रेशनवर महिनाभर गहू-तांदूळ फुकट, शिवभोजन थाळी फुकट. यादी मी तीनदा वाचली. मुलाला मोबाइलवर पुन्हा काढायला लावली. नाभिक कुठेच नाही. रिक्षावाल्याला मिळालं याचं वाईट वाटत नाही, माझा मेव्हणाच रिक्षा चालवतो. पण रिक्षा अजून दोन प्रवासी घेऊन चालते. माझी खुर्ची पूर्ण बंद आहे.

आणि १,५०० तरी कशाच्या हिशेबाने? पंधरा दिवसांच्या संचारबंदीचे म्हणजे रोजचे शंभर. रोजगार हमीवर दगड फोडणाऱ्याला महाराष्ट्रात यंदा २४८ रुपये मजुरी आहे, गेल्या वर्षी २३८ होती. ही सरकारनेच ठरवलेली, सगळ्यात खालची. मी माझाच हिशेब तिच्यावर करून बघितला. गेल्या वर्षीचे ९८ दिवस, त्यातले १४ सोमवार वजा, कारण सोमवारी मी तसाही बंद असतो. उरले ८४. गुणिले २३८, झाले १९,९९२. यंदाचे ६ एप्रिलपासून आजपर्यंतचे २० दिवस, दोन सोमवार वजा, १८ गुणिले २४८, झाले ४,४६४. दोन्ही मिळून २४,४५६. यात लग्नसराई धरली नाही, कारागीर धरले नाहीत, भाडं धरलं नाही. फक्त दगड फोडणाऱ्याचा दर.

सरकारकडे पैसा नाही, असं मला एक गिऱ्हाईक, निवृत्त बँक मॅनेजर, फोनवर म्हणाले. असेल. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिने त्यांना सांगितलं की तिथली सलून याच महिन्यात १२ तारखेला उघडली, म्हणजे आमची बंद झाली त्याच्या पुढच्याच आठवड्यात, आणि बंदच्या काळात तिथल्या सरकारने स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही आधीच्या कमाईच्या ७०-८० टक्क्यांच्या हिशेबाने पैसे दिले. आपण इंग्लंड नाही, हे मलाही कळतं. म्हणून तर मी कमाईचे टक्के मागत नाही, रोजगार हमीचा दर मागतो. तोही जमत नसेल तर निम्मा द्या. पण मोजा तरी. केंद्राने कर्जाच्या योजना काढल्या, त्यात बिनतारण कर्ज मिळालं ज्यांची आधीच बँकेत कर्जं होती त्यांना. फेरीवाल्यांना १०,००० मिळाले, तेही कर्जच. माझं शॉप ॲक्ट लायसन आहे, माझा गाळा महापालिकेच्या कागदावर आहे, पट्टी आकारताना मी सापडतो. मदत देताना मी असंघटित होतो.

दुसरं, उघडायची वेळ येईल तेव्हाचं. आमच्याकडे येणारे एक डॉक्टर आहेत. त्यांनी गेल्या वर्षी मला एक हकिगत सांगितली होती, ती मी अजून गिऱ्हाइकांना सांगतो. अमेरिकेत मिसूरी राज्यात एका सलूनमधल्या दोन कारागिरांना कोरोना झाला आणि कळायच्या आधी त्यांनी १३९ गिऱ्हाइकांचं काम केलं होतं. कारागीर आणि गिऱ्हाईक, दोघांच्याही तोंडावर मास्क. १३९ पैकी एकालाही लागण झाल्याचं आढळलं नाही. डॉक्टरांनी लगेच माझा आनंद आवरला. म्हणाले, चाचणी त्यातल्या ६७ जणांचीच झाली, आणि हे कटिंगचं आहे, तुझ्या दाढीचं नाही. बरोबर आहे. म्हणून मीच म्हणतो, रुग्ण कमी झाले की पहिल्या टप्प्यात कटिंग सुरू करा आणि दाढी, फेशियल, हेडमसाज बंदच ठेवा. एक आड एक खुर्ची, फोनवर वेळ, दार उघडं, वहीत नाव आणि नंबर. ती वही आरोग्य खात्याच्या माणसालाही उपयोगी पडेल. गेल्या वर्षी मार्चमध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले तेव्हा कोण कोणाला भेटलं हे शोधत गल्लीगल्ली हिंडावं लागलं होतं. न्हाव्याला गावात कोण कोणाकडे येतं-जातं हे जेवढं माहीत असतं तेवढं तलाठ्यालाही नसतं. वापरून घ्या.

आणि लस. मी ४५ च्या पुढचा म्हणून मला पहिला डोस मिळाला. माझे कारागीर २६ आणि ३१ वर्षांचे. त्यांचे हात दिवसाला वीस चेहऱ्यांवरून फिरतात आणि त्यांचा नंबर १ मेनंतर, तोही लस शिल्लक असली तर. वयाबरोबर कामही बघायला काय हरकत होती?

जाता जाता एक. गेल्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी शेकडो वर्षांची पायी वारी एका शब्दावर सोडली. मिरजेहून रेल्वेने निघालं की पंढरपूर काही लांब नाही, तिथली खबर आम्हाला लगेच लागते. त्याच पंढरपुरात याच महिन्यात, १७ तारखेला पोटनिवडणुकीचं मतदान झालं, त्याआधी सगळ्या पक्षांच्या सभा झाल्या, आणि त्या सभांतली गर्दी आम्ही बंद दुकानांच्या पायरीवर बसून मोबाइलवर बघितली. त्या व्यासपीठावरच्या प्रत्येकाची दाढी मात्र तुळतुळीत होती. कोणी केली, कुठे केली, हे विचारायला पोलीस गेले नसावेत.

असो. माझी मागणी एका ओळीची आहे. जो आदेश धंदा बंद करतो त्याच आदेशात शेवटी हेही छापा की वॉर्डातला कोणता कर्मचारी, कोणत्या तारखेपर्यंत, बंद पडलेल्या दुकानांचा पंचनामा करील. आमचा धंदा खोटं सांगून फुगवता येईल अशी भीती वाटत असेल तर माझ्याकडे वही आहे. रोजचा गल्ला, किती कटिंग, किती दाढ्या, कारागिराचा वाटा, पिग्मीवाल्याला दिलेले पन्नास, सगळं २०११ पासून लिहिलेलं. दुकानातून मी फक्त टॉवेल आणले नव्हते, वह्याही आणल्या आहेत. सकाळी अकरापर्यंत किराणा आणायला बाहेर असतो, त्यानंतर दिवसभर घरीच आहे.

आपला,
एक सलूनचालक, मिरज

(नाव व पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. तो आपल्यापुरताच ठेवावा.)